जाहेदाभाभीचा हिरवा हौद

१

सटवाची मेंढरं त्या सकाळी उठलीच नाहीत. सगळी नव्हेत, पण रात्री कळप कोंडायच्या वाघरीच्या जाळीत दहा-बारा मेंढरं पाय ताणून पडली होती, आणि जी जिवंत होती ती मेलेल्यांच्या अंगावरून उड्या मारत बाहेर पडायची वाट शोधत होती. सगळ्यात मोठ्या मेंढ्याचं डोकं मांडीवर घेऊन सटवा बसला होता आणि त्याच्या तोंडाला आलेला फेस धोतराच्या सोग्यानं पुसत होता. फेस हिरवट-निळा होता.

"शेवाळ हाय हे," रानमालक सोमेश्वर म्हणाला. "हौदातलं. वैनी, नीट बघा. ठाण्यात खबर तुमालाच द्यायचीय."

उज्ज्वलानं वाकून बघितलं. ती गावची पोलीस पाटील. वडवणीच्या अलीकडचं हे गाव तसं शांत. बांधाची भांडणं, पळून गेलेली पोरं आणि पोळ्याच्या दिवशीची बोलाचाली, एवढ्यावर तिची पाच वर्षं निघून गेली होती. पण आजची गोष्ट वेगळी होती. हौद साफ करा म्हणून हट्ट धरणारी तीच होती.

हौद म्हणजे बांधापलीकडच्या बंगल्याच्या परसातला. मोसंबीचे व्यापारी चाँदशेठ त्याला मोठ्या कौतुकानं स्विमिंग पूल म्हणायचे, गाव हौद म्हणायचं. पोरांना पोहता यावं म्हणून बांधला, आणि पोरं पोहायला शिकली तशी एक पुण्याला आणि एक दुबईला गेलं. शेठ वारले. मागं राहिली जाहेदाभाभी आणि निळ्या फरशीचा तो हौद, जो बघता बघता असा हिरवा झाला की त्यात आभाळसुद्धा दिसेना. गावात त्याला बेडकांचा दवाखाना म्हणत. डास मात्र गावभर. उज्ज्वला भाभीच्या दारात जाऊन जाऊन थकली आणि शेवटी म्हणाली, "भाभी, फिरोजला बोलवा. तुमचा भाचाच हाय, दोन दिवसांत चकाचक करंल."

पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा फिरोज परवा आला. निम्मं पाणी उपसलं, खराट्यानं भिंती घासल्या, उरलेल्या पाण्यात, शेतकरी शेततळ्यात टाकतात तसं, शेवाळ मारायला निळं मोरचूद टाकलं. आणि त्याच दुपारी सटवाचा मेंढा त्याच्या पाइपावर नाचून पाइप फुटला, तेव्हा फिरोज अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडला, "आवर बे तुझी मेंढरं, न्हाईतर एकएक आडवं करीन!"

आता ती आडवी पडली होती.

"विष घातलं त्यानं," सोमेश्वर म्हणाला. मागं उभ्या असलेल्या माणसांनी माना हलवल्या. माना हलवायला गावात कधीच माणसं कमी पडत नाहीत.

उज्ज्वलानं ठाण्यात फोन लावला. जमादार म्हणाले, जीप दुपारनंतर येईल, तोवर त्या मेकॅनिकला हलू देऊ नका. सरकारी डॉक्टर सकाळीच येऊन नमुने घेऊन गेले होते, पण त्याचा निकाल कधी येणार हे देवालाच ठाऊक. तोवर पाटीलबाई जे सांगेल तेच खरं.

फिरोज हा विहिरीत उतरणारा माणूस. निम्म्या तालुक्याच्या मोटारी त्याच्या हातून गेलेल्या. लोकांच्या पिण्याच्या पाण्यात हात घालणाऱ्या माणसाला एकदा का विष घालणारा म्हटलं, की पुढं तो निर्दोष सुटला तरी त्याला विहिरीच्या कडेला कोण उभं करणार? उज्ज्वलाला हे कळत होतं, आणि त्याला बोलावणं तिनंच धाडायला लावलं होतं.

वाघरीच्या पलीकडं पालासमोर सटवाची बायको ताराबाई बसली होती. डोक्यावरचा पदर दातात धरून ती एकटक खाली बघत होती. परवा संध्याकाळी हिनंच मेंढरांच्या मिठासाठी भांडं मागितलं, तेव्हा उज्ज्वलानं भाभीच्या परसातलं घमेलं काढून दिलं होतं, आणि तेव्हा ही बाई किती हसली होती! उज्ज्वलाला तिच्याकडं बघवेना.

२

सोमेश्वर हा उज्ज्वलाच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. मेंढरं त्याच्याच रानात बसवलेली होती. उन्हाळ्यात रान रिकामं असतं. धनगराला जागा आणि धान्य द्यायचं, त्याच्या मेंढरांनी लेंड्या टाकून रान खतवायचं, हा जुना व्यवहार. मेंढरं मेली त्याचं सोमेश्वरला दुःख झालं नव्हतं असं नाही, पण त्याच्या आवाजात दुःखापेक्षा घाई जास्त होती, आणि ती घाई उज्ज्वलाला खटकली.

"भाऊजी, तुमचं आन भाभीचं काय चाललंय सध्या?"

"काय चालायचंय? मी एवढंच म्हणलो, एकली बाई एवढ्या बंगल्याचं काय करणार. मागची पट्टी मला द्यावी. न्हाई म्हणली. संपलं."

"आन संपलं म्हणून तुमी हौदाची तक्रार केली."

"डास मला बी चावतात, वैनी."

त्याच्या गोठ्याशी उभं राहून ही बोलणी चालली होती. म्हैस टाकीत तोंड घालून पाणी पीत होती, मस्त, डोळे अर्धे मिटून. उज्ज्वलाचं लक्ष टाकीकडं गेलं. सोमेश्वरच्या बोअरला मार्चातच पाण्याऐवजी फेस येतो हे सगळ्या गावाला माहीत, आणि टाकी तर काठोकाठ. पाण्याला किंचित निळी झाक. टाकीच्या मागून एक काळा पाइप कुंपणाखालून बंगल्याकडं गेलेला होता, आणि त्यावर कुणीतरी घाईनं कडबा टाकला होता.

"हे पाणी कुठलं?"

सोमेश्वरनं म्हशीच्या पाठीवरची माशी उडवली. "कुठलं म्हंजे?"

"भाऊजी, मी तुमची वैनी हाय, आंधळी न्हाई."

मग तो लाजत, चिडत, शेवटी थोडा हसत कबूल झाला. फिरोज औषध टाकून गेल्यावर काल सकाळपासून त्यानं भाभीच्या हौदातून गुपचूप पाणी ओढलं होतं. वाया जाणारच होतं म्हणे. म्हशीनं काल दिवसभर तेच पाणी प्यायलं. पाइप जिथं गळत होता तिथं डबकं झालं होतं, आणि त्या डबक्यावर सटवाची मेंढरंही पाणी पिऊन गेली होती.

"म्हणूनच मेली ना!" तो एकदम जोरात म्हणाला.

उज्ज्वला म्हशीकडं बघत राहिली. म्हशीनं मान वर केली, नाकातून पाणी फुरफुरवलं आणि निवांत रवंथ करायला लागली.

"मग ही कावून जिती हाय?" उज्ज्वलानं विचारलं.

३

सटवानं मेंढ्याचं डोकं अजून सोडलं नव्हतं.

"सटवादादा," ती त्याच्या शेजारी मातीतच बसली, "कोणकोणती गेली?"

"चांगली चांगली गेली, पाटीलबाई. निवडून मारली." त्यानं मेंढ्याच्या कानावरची माती झटकली. "ह्यो मेंढा म्या औंदा देवाला बी सोडला न्हाई, एवढा लाडाचा. ह्या चार मेंढ्या गाभण व्हत्या. आन ती बघा, लंगडी म्हातारी, दात पडल्यालं, ती उभी हाय. कोकरं समदी उभी. मारायचीच तर त्या म्हातारीला मारायची व्हती."

"कोकरांनी काल पाणी कुठं पिलं?"

"तिथंच, पाइपाच्या डबक्यावर. कोकरं तर पाण्यात लोळली."

उज्ज्वलानं जिवंत मेंढरांवरून नजर फिरवली. दुबळी, म्हातारी, लंगडी आणि पिल्लं. मेलेली सगळी दांडगी. विष पाण्यात असतं तर आधी कोकरं गेली असती. त्यांचा जीव तो केवढा. हे विष दांडग्यांनाच कसं मिळालं? जिथं ढकलाढकली करून आत शिरावं लागतं, जिथं दुबळ्याला कुणी फिरकू देत नाही, असं काहीतरी त्यांनी खाल्लं होतं.

"पाण्याबिगर अजून काय दिलं व्हतं त्यांना?"

सटवानं बायकोकडं पाहिलं. ताराबाई हळूच म्हणाली, "परवा सांजच्याला मीठ दिलं, बाई. दर अमावास्येच्या अगुदर देतोच आमी. कोकरांना देत न्हाई, त्यांना ढाळ लागती."

"आन मिठावर सगळी तुटून पडतात."

"तर! ह्यो मेंढा तर कुणाला तोंड घालू देतो व्हय?" आणि एवढं बोलून ती रडायला लागली.

"मीठ कुठलं?"

"वडवणीच्या बाजारातलं खडेमीठ. त्याच पिशवीतलं आमी बी खाल्लं. काल कालवणात घातलं, आज सकाळी बी घातलं." ताराबाईनं डोळे पुसले आणि वर पाहिलं. क्षणभर तिची नजर उज्ज्वलाच्या नजरेत अडकली, आणि तिनं ती लगेच काढून घेतली, चटका बसल्यासारखी.

उज्ज्वला उठली. पाणी चांगलं, मीठही चांगलं. मग वाईट काय होतं? त्या बाईच्या नजरेत काहीतरी होतं हे तिला कळलं, पण काय होतं ते विचारायचा धीर आपल्याला का होत नाही, ते मात्र तिला कळेना. ती बंगल्याकडं चालायला लागली.

४

जाहेदाभाभीनं दार अर्धंच उघडलं.

"या. तुमच्याचमुळं झालं हे सगळं," ती म्हणाली, आणि मग स्वतःच शरमली. "नका मनावर घेऊ. सकाळपासून माझ्या तोंडाला चव नाही. लोक कुंपणाशी येऊन काय काय बोलून जातायत."

"खरं हाय भाभी. माझ्यामुळंच झालं."

फिरोज स्वयंपाकघरात पाटावर बसला होता. समोरचा चहा थंड होऊन त्यावर साय धरली होती. तीस-बत्तिशीचा गडी, पण आज डोळे लाल आणि मान खाली. उज्ज्वलाला वाटलं होतं तो शपथा घेईल, आरडाओरडा करील. तो म्हणाला, "ताई, मला वाटतं माझ्याच हातून झालं."

"म्हंजे?"

"मोरचूद जास्ती पडलं असंल. शेततळ्याचा अंदाज हौदाला लावला मी. अल्लाकसम, मारायचं म्हणून न्हाई. रागात बोललो ते बोललो. पण मुकं जनावर कशाला मारीन मी?"

"तुझं पाणी पिऊन सोमेश्वरभाऊजींची म्हैस रवंथ करतीय. कोकरं त्यात लोळली. पाणी न्हाई ते."

फिरोजनं मान वर केली. बुडणाऱ्याच्या हाताला फांदी लागावी तसं त्याचं तोंड झालं, आणि उज्ज्वलाला त्याचा आनंद बघून उगीचच भीती वाटली.

"मला पहिल्यापासून सांग. मोरचूद कसं टाकलंस?"

"नेहमीसारखं. बारदानाच्या पोतडीत बांधायचं, दोरी लावायची आन पाण्यातनं ओढत फिरायचं. पण मोठे खडे व्हते, विरघळत न्हवते. मग अगुदर गरम पाण्यात भिजवले."

"कशात?"

"प्लास्टिकचं पिंप आणायचं इसरलो व्हतो. खालाजानचं लोखंडी घमेलं घेतलं. निम्मं वापरलं. निम्मं दुसऱ्या दिवशीला ठिवलं, तसंच घमेल्यात, हौदाच्या कोपऱ्याला. कुणी हात लावू नये म्हणून वर फरशीचा तुकडा झाकला." तो आठवत आठवत बोलत होता. "काल सकाळी आलो तर घमेलं गायब. मला वाटलं खालानं ओतून दिलं."

"मी कुठं ओतलं?" भाभी म्हणाली. "मला वाटलं तूच घेऊन गेलास. परवा सांजेची, मगरिबची नमाज पढून बाहेर आले तेव्हाच ते तिथं नव्हतं."

दोघं एकमेकांकडं बघत राहिली. मग दोघांनी उज्ज्वलाकडं पाहिलं, कारण ती भिंतीला टेकली होती.

"काय झालं, उज्ज्वला? पाणी देऊ?"

उज्ज्वलाला परवाची संध्याकाळ समोर दिसत होती. हौद कितपत साफ झाला ते बघायला ती परसात आली होती. आतून भाभीच्या नमाजाची कुजबुज येत होती. कुंपणाशी ताराबाई आली. तिचं मिठाचं भांडं मेंढ्यानं तुडवून चेपलं होतं, एखादं मोडकं घमेलं मिळंल का, भाभीला विचाराल का. आणि उज्ज्वला म्हणाली होती, "भाभीला कशाला उठवायचं, मी देते ना." गावातली भांडी अशीच या दारातून त्या दारात जातात, कोण कुणाला विचारतं? कोपऱ्यात फरशीनं झाकलेलं घमेलं होतं. तिनं फरशी बाजूला सारली, आतलं गढूळ पाणी लिंबाच्या बुडाशी ओतलं, हौदाचंच ओंजळभर पाणी मारून घमेलं हलवलं आणि कुंपणावरून दिलं. तळाला शेवाळाचा गाळ चिकटला होता, खडे खडे हाताला लागले होते. फरशीची कच असेल, म्हणून तिनं तशीच राहू दिली.

"ते घमेलं मला बघाय पाहिजे," ती म्हणाली.

५

घमेलं पालाच्या मागं तीन दगडांशेजारी पडलं होतं. सटवा आणि बाकीची माणसं खड्डा खणायला लागली होती. ताराबाई पाणी आणायला गेली होती. कुणाचं इकडं लक्ष नव्हतं. उज्ज्वलानं घमेलं उचललं आणि उन्हात धरलं.

बाहेरून काळं, गंजलेलं. आतून मात्र तांबूस, नव्या तांब्यासारखं, आणि मेंढरांच्या जिभांनी चाटून चाटून चकचकीत झालेलं. कडेला अजून एक निळा खडा चिकटून होता, मिठाच्या खड्याएवढाच.

आता शंकेला जागाच नव्हती. उज्ज्वलाच्या घरी डाळिंबाची बाग होती. दर बहराला मोरचूद आणि चुन्याचं औषध कालवताना विळ्याचं पातं त्यात बुडवायचं. पातं तांबडं झालं की मोरचूद जास्त झालं, चुना वाढवायचा. हे काम घरात तिच्याकडंच असायचं. तो तांबडा रंग तिनं डोळे झाकूनही ओळखला असता. परवा फक्त तिनं आत बघितलं नव्हतं. उपकार करायची घाई झाली होती ना! पाटीलबाईनं कुणाला नाही म्हणायचं नाही, प्रत्येकाचं काम चुटकीसरशी करून द्यायचं, आणि मग लोकांनी म्हणायचं, किती चांगली बाई आहे. ते ऐकायला तिला आवडायचं. फार आवडायचं.

वीस पावलांवर कुंपण होतं, आणि कुंपणापलीकडं हौद. वर अजून मेलेल्या शेवाळाचा जाड थर तरंगत होता. हातातलं घमेलं नुसतं सोडलं असतं तर बुडुक करून आत गेलं असतं आणि शेवाळ पुन्हा जुळून आलं असतं. फिरोज म्हणाला असता, घमेलं चोरीला गेलं. लोक म्हणाले असते, हा तर खोटारडा पण निघाला. आणि तिनं काही सांगायची गरजच पडली नसती, नुसतं गप्प बसायचं.

ती कुंपणापर्यंत गेली. हे खोटं कशाला सांगायचं, ती गेली होती. हात कुंपणाच्या पलीकडंही गेला होता.

"बाई," मागून आवाज आला.

ताराबाई डोक्यावर हंडा घेऊन उभी होती. तिनं घमेल्याकडं पाहिलं, हौदाकडं पाहिलं. तिला सगळं कळलं होतं. बहुतेक सकाळपासूनच कळलं होतं. "म्या कुणाला सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "तुमी द्याया गेलता. भल्यापायी. म्या बी कुठं आत पाह्यलं? अंधारून आलतं, मीठ वतलं आन मोकळी झाले."

उज्ज्वलानं हात मागं घेतला. ताराबाई खाली मान घालून निघून गेली, हंडा जराही न हिंदकळता. रस्त्यावर जीपचा आवाज ऐकू आला.

६

जीप नव्हती ती, सोमेश्वरच्या पाव्हण्यांचा टेम्पो होता. पण आवाजानं सगळी माणसं गोळा झाली, आणि फिरोजलाही भाभीनं सोबत आणलं. तो बिचारा कुंपणाच्या आतच उभा राहिला. त्याला कुणी आत थांब म्हणालं नव्हतं. पण बाहेर ये, असंही कुणी म्हणालं नव्हतं.

उज्ज्वलानं घमेलं सगळ्यांच्या मधे ठेवलं.

तिनं सगळं रीतसर सांगितलं. पाण्यात विष नव्हतं, सोमेश्वरभाऊजींची म्हैस त्याला साक्ष आहे. (सोमेश्वरनं मान दुसरीकडं वळवली, हसणारे हसले.) मिठात विष नव्हतं, सटवाच्या घरानं तेच मीठ खाल्लं. मेली ती फक्त मिठासाठी धक्काबुक्की करणारी जनावरं. मग जे काही होतं ते मिठाच्या भांड्यात होतं. तिनं घमेलं कलतं केलं, आतला तांबडा रंग दाखवला, कडेचा निळा खडा नखानं सोडवून सटवाच्या हातावर ठेवला. फिरोजनं मोरचूद यात भिजवलं होतं, झाकून ठेवलं होतं. तिथून ते कुणीतरी काढलं.

कुणीतरी. ती तेवढ्यावर थांबली. दम घ्यायला थांबली असं तिनं स्वतःला सांगितलं, पण ते खरं नव्हतं.

त्या थांबण्यात सटवा वळला. "मीठ तू घातलंस ना गं?" तो बायकोवर गेला. "तू उचलून आणलंस हे? इचारलं न्हाईस कुणाला?" आणि त्याचा हात उठला. ताराबाई मागं सरली नाही. तिनं फक्त डोळे मिटले, आणि त्यातही उज्ज्वलाकडं बोट केलं नाही.

"मी दिलं!" उज्ज्वला किंचाळली. "सटवादादा, थांबा! तिनं न्हाई आणलं. मी दिलं. झाकलेलं मी काढलं, नीट धुतलं न्हाई, आन मी दिलं. तुमची मेंढरं माझ्या हातानं मेली."

सटवाचा हात तसाच वर राहिला. मग तो खाली आला आणि त्याच हातातल्या निळ्या खड्याकडं तो बघत राहिला. फिरोज कुंपणाला धरून खाली बसला आणि भाभीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

पहिला बोलला तो सोमेश्वर. जवळ येऊन, आवाज खाली घेऊन, अगदी मायेनं. "वैनी, चूक व्हती माणसाच्या हातनं. तुमी कशाला ओढून घेता? मोरचूद तर त्याचंच हाय ना? त्याचं नाव जायचंच हाय ठाण्यात, जाऊ द्या. तुमचं पद हाय, घराचं नाव हाय. सटवाला आपुन घरचीच दोन मेंढरं देऊ."

मागच्या माना पुन्हा हलायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "चूकच की ही. मुद्दाम थोडीच केलं बाईनं." दुसरा म्हणाला, "फिरोज्यानं झाकून ठिवलं म्हंजे काय उपकार केले? उघड्यावरच ठिवलं ना?"

उज्ज्वला त्यांच्याकडं बघत राहिली. सकाळी हीच माणसं याच मेलेल्या मेंढरांभोवती उभी होती. मेंढरं तीच होती, मोरचूदही तेच होतं. फिरोजच्या हातून गेलं तेव्हा ते विष होतं, कुणी एकानं चूक हा शब्द तोंडातून काढला नव्हता. तिनंही नाही. तीसुद्धा सकाळी त्याचा गुन्हाच शोधायला निघाली होती, चूक कुणी शोधलीच नव्हती. तिला एकदम फार लाज वाटली, मेंढरांपेक्षा जास्त या गोष्टीची.

"सटवादादा," ती म्हणाली, "तुमी काय म्हणाल ते मला मान्य हाय."

"मी काय म्हणू, बाई," सटवा म्हणाला. "मला माझा मेंढा पायजे. तो तुमी देऊ शकत न्हाई." मग तो ताराबाईकडं गेला, तिच्याजवळचा हंडा त्यानं घेतला, आणि तिथंच बाजूला, जिवंत राहिलेल्या लंगड्या म्हातारीसमोर ठेवला. माफी काही त्यानं दिली नाही. उज्ज्वलानं मागितलीही नाही, मागायला तोंड नव्हतं.

तिनं फोन काढला आणि सगळ्यांच्या देखत जमादारांना लावला. सोमेश्वरनं हात पुढं केला, ती एक पाऊल मागं झाली.

"हां पाटीलबाई, निघतोच आहे जीप घेऊन," जमादार म्हणाले. "मेकॅनिक आहे ना तिथंच?"

"आहे. पण तो न्हाई त्यात. मेंढरांना मोरचुदाचं भांडं मी दिलं."

मग जमादारांचा आवाज एकदम मऊ झाला. "म्हणजे चुकून ना बाई? चुकून झालं असंच लिहितो मी. काळजी करू नका तुम्ही."

उज्ज्वलानं कुंपणाकडं पाहिलं. फिरोज उठून उभा राहिला होता आणि तिच्याकडंच बघत होता.

"फिरोजच्या नावापुढं तुम्ही जो शब्द लिहिणार होतात, साहेब," ती म्हणाली, "तोच लिहा." आणि मग तिनं नवऱ्याचं नाव, आडनाव लावून आपलं पूर्ण नाव हळूहळू सांगितलं, त्यांना लिहून घ्यायला वेळ मिळावा म्हणून.